वाइल्डलाइफमध्ये शिकायचंय? मग आधी मोजायला शिका

"ताई, मला वाइल्डलाइफ करायचंय, कोर्स कुठे असतो?" बारावीचा निकाल लागला की असं विचारणारे बरेच जण असतात आणि उत्तर एका मेसेजमध्ये कधीच मावत नाही, म्हणून एकदा नीट सगळं लिहून ठेवतेय. मी स्वतः झूलॉजीत बीएस्सी केलं, मग वाइल्डलाइफमध्ये एमएस्सी आणि आता विदर्भात फील्डवर काम करते. या रस्त्यावर मला ज्या गोष्टी कोणी आधी सांगितल्या असत्या तर दोन वर्षं वाचली असती त्याच इथे लिहितेय.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. वन्यजीव व्यवस्थापन शिकायचं म्हणजे वाघ बघायला मिळणार असं नाही. माझ्या एमएस्सीच्या दोन वर्षांत मी वाघ मोजून चार वेळा पाहिला, त्याची विष्ठा मात्र शेकडो वेळा पाहिली, पिशवीत भरली, लेबल लावलं, वाळवली, त्यातले केस वेगळे केले आणि मायक्रोस्कोपखाली बसून हे चितळाचे का सांबराचे ते ओळखलं. हे वाचून तुम्हाला "अरे वा" वाटलं तर पुढे वाचा. फोटोग्राफी आणि सफारीची आवड असेल तर त्यात काहीच वाईट नाही, पण त्यासाठी डिग्री लागत नाही, दुसरं काहीतरी शिकून पोट भरा आणि सुट्टीत जंगलात जा, तेही सुंदर आयुष्य आहे.

आता कोर्सचं. अडचण अशी की वाइल्डलाइफ नावाचं बारावीनंतरचं एकच ठरलेलं कॉलेज आपल्याकडे नाही, म्हणून आधी पुढे काय करायचंय ते ठरवून मागे यायचं. वनखात्यात अधिकारी व्हायचंय का, संशोधन करायचंय का, प्राण्यांवर उपचार करायचेत का, की गावांबरोबर राहून संवर्धनाचं काम करायचंय? चारही रस्ते वेगळे आहेत आणि बारावीनंतरच्या पहिल्या निवडीवर बरंच अवलंबून असतं.

वनखातं डोक्यात असेल तर बीएस्सी फॉरेस्ट्री सरळ पडतं. चार वर्षांचा कोर्स, महाराष्ट्रात दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात आणि अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात वनशास्त्राची कॉलेजं आहेत, सायन्सची बारावी आणि सीईटी लागते. यात वाइल्डलाइफ हा एक भाग असतो, बाकी रोपवाटिका, लाकूड, माती, वनमोजणी, वनकायदे असं सगळं शिकवतात आणि मुलं तक्रार करतात की आम्हाला बिबट्या शिकायचा होता, हे सागाच्या घेराचं गणित कशाला. पण जंगलाचं व्यवस्थापन करणाऱ्याला झाडच वाचता येत नसेल तर तो प्राण्यासाठी काय करणार? चितळ काय खातं, कुठे सावलीला बसतं, कुठल्या महिन्यात कुठे जातं हे सगळं झाडागवतावरच ठरतं. त्यामुळे हा कोर्स कमी समजू नका.

प्राण्यांचा डॉक्टर व्हायचं असेल तर NEET ही प्रवेशपरीक्षा देऊन बीव्हीएस्सी, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. ही कॉलेजं नागपूरच्या पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली येतात, परळ, नागपूर, परभणी, शिरवळ, उदगीर इथे आहेत, आणि त्याच विद्यापीठाचं नागपुरात गोरेवाड्याला वन्यजीवांसाठी वेगळं केंद्र आहे. पण पहिली पाच वर्षं गाय, म्हैस, शेळी, कुत्रा हेच शिकायचं आहे हे लक्षात घ्या. पिंजऱ्यातल्या बिबट्याला भूल देणारा हात आधी शेकडो गाईंवर तयार झालेला असतो.

संशोधनात जायचं तर साधं बीएस्सी करा, झूलॉजी किंवा बॉटनी, चांगल्या कॉलेजातून, आणि खरी उडी एमएस्सीला मारा. देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था १९८२ साली सुरू झाली, तिथला वाइल्डलाइफ सायन्सचा एमएस्सी १९८८पासून आहे आणि आज देशात या क्षेत्रात जे लोक काम करताना दिसतात त्यातले खूप जण तिथून निघालेत. दुसरा बेंगळुरूला एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेत वाइल्डलाइफ बायोलॉजी आणि कॉन्झर्वेशनचा, तो एक वर्षाआड छोटी बॅच घेतो आणि तिथे बायोलॉजीवालेच लागतात असं नाही, इंजिनिअर आणि डॉक्टरही शिकून गेलेत. तमिळनाडूत मयिलादुतुराईच्या एव्हीसी कॉलेजातही वाइल्डलाइफ बायोलॉजी आहे. आपल्याकडे पुण्यात गरवारे कॉलेजात बायोडायव्हर्सिटीचा एमएस्सी आहे, भारती विद्यापीठाच्या पर्यावरण संस्थेत पर्यावरणशास्त्र आणि वन्यजीव संवर्धनाचा आहे. मुंबईची बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) १८८३पासूनची, तिथे पक्षिशास्त्राचे छोटे कोर्स असतात, नोकरी किंवा दुसरी डिग्री करता करता जमतात. प्रत्येकाची जाहिरात वेगळ्या वेळी येते आणि एक वर्षाआडवाल्यांची तारीख हुकली तर दोन वर्षं गेली, म्हणून टीवायच्या सुरुवातीलाच सगळ्या वेबसाइट बघून कॅलेंडरवर लिहून ठेवा.

कोर्स कसा निवडायचा हे मला विचाराल तर नावावर जाऊ नका. तिथल्या चालू विद्यार्थ्याला फोन करा आणि दोनच प्रश्न विचारा. दोन वर्षांत फील्डवर किती दिवस असता? आणि डिझर्टेशनचा, म्हणजे शेवटच्या प्रबंधाचा, डेटा स्वतः गोळा करता की सरांकडचा जुना डेटा हातात देतात? उत्तर "दोन टूर झाल्या, मस्त मजा आली" असं आलं तर तो कोर्स कितीही हिरवागार दिसला तरी विचार करा. "सहा महिने मेळघाटात होतो, स्वतः ट्रान्सेक्ट (प्राणी मोजायला आखलेली रेषा) चाललो" असं आलं तर कॉलेजची इमारत पत्र्याची असली तरी चालेल.

आणि एक पात्रतेची गोष्ट, जी कळेपर्यंत पोरांची डिग्री संपलेली असते. यूपीएससीच्या भारतीय वनसेवेला कुठलीही पदवी चालत नाही. पशुवैद्यक, बॉटनी, झूलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, मॅथ्स, स्टॅटिस्टिक्स, जिओलॉजी यातला एक तरी विषय पदवीला असावा लागतो, नाहीतर मग शेती, फॉरेस्ट्री किंवा इंजिनिअरिंगची पदवी. यातला एकही विषय नसलेली आर्ट्सची पदवी असेल तर दार बंद. नव्या नावाच्या बीएस्सी आता खूप निघाल्यात, छान वाटतात नावं, पण मार्कशीटवर यातला विषय दिसतो का ते अॅडमिशनच्या आधी बघा. शिवाय शेवटी चालण्याची परीक्षा असते, मुलांना चार तासांत २५ किलोमीटर, मुलींना १४. राज्यात एमपीएससीतून सहायक वनसंरक्षक आणि वनक्षेत्रपाल भरतात, त्याच्याही अटी जाहिरातीतून स्वतः वाचा, क्लासवाल्याच्या तोंडावर विश्वास ठेवू नका.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले. कोर्स मिळेपर्यंत काय करायचं? मोजायला शिकायचं. आणि ते घराजवळच करता येतं, ताडोबाला जायची गरज नाही.

घरापासून किंवा हॉस्टेलपासून एक किलोमीटरचा रस्ता ठरवा, तळ्याकाठचा, शेताच्या बांधाचा, कॅनॉलचा, काहीही. आठवड्यातून दोन दिवस, सकाळी एकाच वेळी, एकाच वेगानं तो चाला आणि दिसेल तो पक्षी लिहा, कोणता, किती, रस्त्यापासून अंदाजे किती लांब. सुरुवातीला ओळखता येणार नाहीत, येतील त्यांनाच लिहा, साळुंकी, बुलबुल, वेडा राघू, कोतवाल यांच्यापासून सुरुवात करा. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर टाकत जा. दोन महिन्यांनी वही उघडून बघा, तुम्हाला दिसेल की तीस मीटरच्या आतले पक्षी खूप नोंदलेत आणि साठच्या पुढचे जवळजवळ नाहीत. म्हणजे लांब पक्षीच नव्हते का? होते, तुम्हाला दिसले नाहीत. हे ज्याला स्वतःच्या वहीत दिसलं त्याला या विषयातलं सगळ्यात मोठं कोडं कळलं, की आपण मोजतो ते प्राणी नसतात, आपल्याला दिसलेले प्राणी असतात, आणि न दिसलेल्यांचा हिशोब कसा लावायचा यावरच पुढची सगळी स्टॅटिस्टिक्स उभी आहे.

हे नुसतं पुस्तकी नाही. आपल्याकडे कितीतरी वर्षं वाघ पंज्याच्या ठशांवरून मोजायचे, काचेवर ठसा उतरवून घ्यायचे आणि प्रत्येक ठशावरून वेगळा वाघ ओळखता येतो असं मानायचे. मग २००५ साली राजस्थानातल्या सरिस्कात एकही वाघ उरला नाही हे उघड झालं, कागदावर मात्र तोवर वाघ होते. त्यानंतर पद्धत बदलली, कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) आणि कॅप्चर-रीकॅप्चर (तोच वाघ फोटोत किती वेळा परत दिसतो त्यावरून एकूण आकड्याचा अंदाज) आलं आणि २००६च्या मोजणीत देशाचा आकडा १४११ निघाला तेव्हा सगळे हादरले. २०२२च्या मोजणीत देशात किमान ३१६७ आणि महाराष्ट्रात ४४४ वाघ आहेत असा अंदाज आला. मुलाखतीत हे आकडे घडाघडा म्हणून दाखवू नका, ते सगळ्यांना पाठ असतात. आकडा कसा काढला, तो अंदाज का म्हणायचा, चूक कुठे राहू शकते हे सांगता आलं पाहिजे, कारण या कोर्सेसच्या मुलाखतीत पाठांतराला अजिबात किंमत नसते. तुमची ती एक किलोमीटरची वही घेऊन जा. मी नेली होती आणि अर्धा तास त्याच वहीवर प्रश्न विचारले, तुझ्या गावच्या तळ्यावर जानेवारीत टिबुकल्या का वाढल्या, पाणी कमी झालं म्हणून एका जागी दिसल्या की खरंच वाढल्या, तुला कसं कळेल? मला धड उत्तर आलं नाही, पण विचार करताना त्यांनी पाहिलं.

सोबत आर (R, आकडेवारीचं सॉफ्टवेअर) शिका आणि क्यूजीआयएस (नकाशांचं सॉफ्टवेअर) शिका. दोन्ही फुकट आहेत. तुम्ही बायोलॉजी घेतलं म्हणजे गणितातून सुटलात असं वाटत असेल तर ते आजच डोक्यातून काढा, हात जोडून सांगते. माझ्या बॅचमध्ये ज्यांनी रडत रडत का होईना आर शिकून घेतलं ते सगळे कामाला लागले. गेट (GATE) या परीक्षेत इकॉलॉजी आणि इव्होल्युशनचा वेगळा पेपर असतो, त्याचा सिलॅबस डाउनलोड करून तो अभ्यासाचा नकाशा म्हणून वापरा, परीक्षा द्यायची नसली तरी.

फील्डवर खरं काय असतं ते सांगते. लाइन ट्रान्सेक्ट म्हणजे जंगलात आखलेली सरळ रेषा, व्याघ्रगणनेत दोन किलोमीटरची असते, सकाळी उजाडलं की ती पायी चालायची. फेब्रुवारीतली गोष्ट, सागाची पानं गळून पाऊल टाकलं की पापड मोडल्यासारखा आवाज, मी पुढे, माझ्या मागे वनमजूर काका. समोर चितळांचा कळप दिसला. मी पटकन अंतर मोजायचा रेंजफाइंडर लावला, ६४ मीटर, कंपासवर कोन घेतला, मोजले सात, वहीत लिहिलं आणि निघाले. काकांनी खांद्याला हात लावला, बोलले काही नाही, नुसतं थांब अशी खूण. आम्ही तसेच उभे. दोनेक मिनिटांनी गवतातून एक कान हलला, मग त्याच्या बाजूला दुसरा. बसलेली दोन पिल्लं. सात नव्हते, नऊ होते. आता दोन पिल्लांनी काय बिघडतं? बिघडतं ना. अशा साठ-ऐंशी नोंदींवरून सगळ्या जंगलाची घनता काढतात, प्रत्येक कळपात दोन सुटले तर शेवटचा आकडा कुठल्या कुठे जातो, आणि त्याच आकड्यावरून मग कोणीतरी ठरवतं की या जंगलात वाघाला पुरेसं खाद्य आहे की नाही. अंतर मात्र पहिल्यांदा दिसले त्याच क्षणाचं घ्यायचं, कारण तुमची चाहूल लागून ते लांब गेल्यावर घेतलं तर ते अंतर खोटं. अंतर गुणिले कोनाचा साइन, म्हणजे रेषेपासून प्राणी किती आत होता ते. दहावीची ट्रिगनॉमेट्री इथे भेटते.

कॅमेरा ट्रॅपचंही तसंच. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना दोन कॅमेरे, साधारण गुडघ्याच्या उंचीवर, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या अंगाचे पट्टे वेगळे असतात आणि दोन्ही बाजू मिळाल्या तर वाघ पक्का ओळखता येतो. कॅमेरे अगदी समोरासमोर नाही लावायचे, जरा तिरके, नाहीतर एकाचा फ्लॅश दुसऱ्याच्या फोटोत. माझ्या डिझर्टेशनमध्ये एका पॉइंटला मी समोरचं गवत नीट कापलं नाही, संध्याकाळ झाली होती आणि जिप्सी थांबली होती. आठ दिवसांनी गेले तर कार्ड भरलेलं, बॅटरी संपलेली आणि हजारो फोटो एकाच पात्याचे, वाऱ्यानं इकडून तिकडे हलणारं पातं. त्या पॉइंटचे दिवस गेले ते गेलेच, जंगलात तोच आठवडा परत आणता येत नाही. तेव्हापासून कॅमेरा लावला की मी स्वतः गुडघ्यावर बसून वाघासारखी त्याच्यासमोरून चालत जाते, फोटो बरोबर आला की तारीख-वेळ तपासते, मगच उठते. कितीही उशीर झाला असला तरी हे करा. आणि त्या कॅमेऱ्यात मोहफुलं वेचणाऱ्या बायांचे फोटोही येतात, कोणी झाडाआड बसलेली असते. ते फोटो तिथल्या तिथे काढून टाकायचे, ग्रुपवर टाकायचे नाहीत, हसायचं नाही. त्या त्यांच्या जंगलात आल्यात, पाहुणे आपण आहोत.

हे सगळं प्राण्यांचं झालं, पण व्यवस्थापन म्हणजे अधिवास पण आला. ताडोब्यात जामणी, नवेगाव अशी गावं बाहेर वसवली तेव्हा त्यांच्या जुन्या शेतांची कुरणं झाली, आज तिथे चितळ, सांबर, गवे चरतात. पण कुरण आपोआप राहत नाही, रानतुळस, तरोटा, घाणेरी घुसतात, बी धरायच्या आत उपटावी लागतात, नाहीतर पुढच्या वर्षी दुप्पट. जाळरेषा (वणवा पसरू नये म्हणून आधीच जाळून मोकळे केलेले पट्टे) वेळेत जाळाव्या लागतात, कारण १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम. हे काम वनमजूर आणि वनरक्षक करतात. इंटर्नशिपला गेलात तर अधिकाऱ्यांच्या ऑफिसात बसण्यापेक्षा एका बीटच्या (वनरक्षकाकडे सोपवलेला जंगलाचा तुकडा) वनरक्षकासोबत महिनाभर फिरा. पाणवठ्यात पाणी कधी सोडायचं, कुठल्या नाल्यात शिकारी फासे लावतात, हे त्याला माहिती असतं आणि ते कुठल्याही सिलॅबसमध्ये नाही.

माणसांचा भाग मुलं टाळतात, आणि मला वाटतं तिथेच सगळ्यात जास्त शिकायला मिळतं. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय यांनी कॅमेरा ट्रॅप लावून दाखवलं की जिथे राखीव जंगल नाही, चौरस किलोमीटरला तीनशेच्या वर माणसं राहतात, तिथे ऊस आणि वस्त्यांमध्ये शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे राहत होते. आणि जुन्नरकडच्या अभ्यासात असं दिसलं की बिबटे पकडून दुसरीकडे सोडले की हल्ले थांबण्याऐवजी वाढले. विचार करा, लोकांच्या भल्यासाठी केलेलं काम, पण मोजलं नसतं तर त्याचा उलटा परिणाम कधी कळलाच नसता.

मी पहिल्यांदा गावात प्रश्नावली घेऊन गेले तेव्हा विचारायचे, "वन्यप्राण्यांमुळे नुकसान होतं का?" सगळे हो म्हणायचे. या प्रश्नाला दुसरं उत्तरच नाही. मग एका मावशीनं, चुलीपुढे बसून भाकरी थापत होत्या, मलाच विचारलं, "कायले विचारतेस वं बाई हे सगळं, भेटणार काय आम्हाले?" मी म्हटलं भरपाईसाठी उपयोग होईल. त्या म्हणाल्या, हरभरा खाल्ला त्याचे पैसे एखादवेळी मिळतीलही, पण माझा नवरा तीन महिने जागलीला मचाणावर झोपते, थंडीत छाती भरली त्याची, ते कुठे लिहितेस? माझ्या फॉर्ममध्ये त्याला रकानाच नव्हता. दुसऱ्या दिवशी सगळी प्रश्नावली बदलली. कुठलं पीक, किती गुंठे, कुठल्या महिन्यात, रोही का रानडुक्कर, किती रात्री जागलीला गेलात, कोण गेलं, घरी मागे कोण होतं. असं विचारलं की लोक बोलतात, आणि खरं बोलतात. वीस घरांत आधी ट्रायल घ्या, मग फॉर्म छापा. आणि निघताना परत येऊन निकाल सांगेन असं म्हणालात तर खरंच परत जा.

याच ओघात वनहक्क कायदा २००६ स्वतः वाचा आणि गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाबद्दल माहिती करून घ्या, २००९ साली त्यांना जवळपास १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशात सगळ्यात आधी मिळालेल्यांपैकी ते एक. जंगलाचं व्यवस्थापन म्हणजे फक्त वनखातं असं समजून शिकलात तर अर्धंच शिकाल. १९७२चा वन्यजीव कायदा तर पाहिजेच, आणि २०२२च्या दुरुस्तीनंतरचा वाचा, आधी सहा परिशिष्टं होती, आता चारच आहेत, जुन्या गाइडमध्ये अजून जुनंच छापलेलं असतं.

सुरक्षेचं मनापासून सांगते. पायी फिरताना वाघापेक्षा अस्वलाला जास्त जपा, मोहाच्या दिवसांत तर फारच, त्याला जवळ जाईपर्यंत आपण कळत नाही आणि मग ते घाबरून अंगावर येतं. एकटं कधीही जायचं नाही. हे सगळं पाळूनही धोका राहतोच, नोव्हेंबर २०२१मध्ये ताडोब्यात सर्वेक्षणासाठी पायी निघालेल्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात जीव गेला, सोबत माणसं होती. त्या जंगलात चालताना मला दरवेळी त्यांची आठवण येते. काका परत फिरू म्हणाले तर परत फिरायचं, ट्रान्सेक्ट अर्धा राहिला तरी. गोचिडी रोज रात्री तपासा, ताप आला तर डॉक्टरांना जंगलात काम करतो हे आधी सांगा, स्क्रब टायफस आणि मलेरिया दोन्ही विदर्भात आहेत.

मुलींसाठी थोडं वेगळं. फील्ड स्टेशनला जायच्या आधी राहायची सोय काय, संडास आहे का, दाराला आतून कडी आहे का, दुसरी बाई तिथे आहे का, हे सरळ विचारा, लाजू नका. हे विचारलं म्हणून तुम्ही कच्च्या ठरत नाही. उत्तर गोलगोल आलं तर जाऊ नका, दुसरं प्रोजेक्ट मिळतं. घरचे घाबरत असतील तर त्यांना एकदा स्टेशनवर घेऊन या. माझे बाबा आले, वनमजूर काकांच्या घरी जेवले, आणि त्यानंतर त्यांनी कधी "परत ये" असा फोन केला नाही.

परवानगीचं विसरू नका. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात अभ्यास करायचा तर कायद्याच्या कलम २८खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते, प्राणी पकडायचा, रेडिओ कॉलर लावायची असेल तर ती आणखी वेगळी. विद्यार्थ्याच्या सहा महिन्यांच्या डिझर्टेशनमधले तीन महिने परवानगीची वाट बघण्यात जाताना मी पाहिलेत. म्हणून एक तर खूप आधी अर्ज करा, नाहीतर असा प्रश्न निवडा जो संरक्षित क्षेत्राबाहेर, शेतात, गायरानात, शहराच्या टेकडीवर सोडवता येईल. माळरानावरचे खोकड आणि लांडगे, विहिरीत पडणारे प्राणी, हायवेवर मरणारे साप, या सगळ्यावर अजून किती काम व्हायचंय. त्यातही लोकांच्या जमिनीवर जाताना मालकाला विचारा आणि बीट गार्डला सांगून ठेवा.

पैशाचं खरं खरं सांगते. सुरुवातीच्या नोकऱ्या प्रोजेक्टच्या असतात, सहा महिने, वर्ष, फार तर दोन वर्षं, मध्ये मोकळे महिने जातात. नेट किंवा गेट परीक्षा पास असाल तर सरकारी प्रोजेक्टमध्ये जेआरएफला (ज्युनिअर रिसर्च फेलोला) महिन्याला ३७,००० आणि घरभाडं मिळतं, नसेल तर बरंच कमी. म्हणून घरी कर्ज असेल, लहान भावंडं असतील तर महागड्या खाजगी कोर्सला लाखो रुपये घालू नका, सरकारी कॉलेजातून झूलॉजी किंवा फॉरेस्ट्री करा, वनरक्षक भरतीपासून एमपीएससीपर्यंत सगळे फॉर्म भरा, आणि मोजणीची वही चालू ठेवा. वनरक्षक म्हणून लागून नंतर एमएस्सी केलेली माणसं मी पाहिलीत आणि त्यांच्याइतकं जंगल आमच्या बॅचमध्ये कोणालाच कळत नव्हतं.

एप्रिल-मेमध्ये बुद्धपौर्णिमा येते, तेव्हा वनखात्याचा निसर्गानुभव असतो, रात्रभर मचाणावर बसून पाणवठ्यावर येणारे प्राणी नोंदायचे. बुकिंग आधी लागतं. पहिल्यांदा जाणार असाल तर मातकट रंगाचे कपडे घाला, अत्तर-डिओ काही लावू नका, कुरकुरीत आवाजाची पाकिटं नेऊ नका, दशम्या आणि गूळ-शेंगदाणे न्या, पाणी दोन बाटल्या, टॉर्चला लाल कागद, आणि वहीत पेननं नाही, पेन्सिलनं लिहा, घामाचा हात लागला तरी पुसत नाही. दर तासाला एक ओळ लिहाच, काही आलं नसेल तर "११ ते १२, काही नाही" असं लिहा.